रेघेपर्यंत

कपाट उघडलं आणि मासळीचा असा भपकारा आला की तो दोन पावलं मागे सरला. लोकरीच्या कपड्यांत मासळी कुठून आली म्हणून त्याने हँगर बाजूला केले, बायकोच्या शाली उचलल्या, तर तळाशी, भिंतीला टेकवून, तान्ह्या पोराला निजवावं इतक्या जपून ठेवलेली निळी कापडी पिशवी. आत कागदात गुंडाळलेली कालची मासळी. त्याला हसू आलं, आणि मग ते हसू जागच्या जागी विरलं, कारण कपाटात मासळी असेल तर फ्रीजरमध्ये काय असेल हे त्याच्या लक्षात आलं. काल संध्याकाळी त्याच्या हातात सारख्याच दोन निळ्या पिशव्या होत्या. एकीत मासळी, दुसरीत सरांची, म्हणजे बायकोच्या वारलेल्या पहिल्या नवऱ्याची, बाटली, दोन्ही वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या. हॉल रंगवायला माणसं येणार होती म्हणून बायकोने काचेचं कपाट रिकामं करायला सांगितलं होतं आणि वर दोनदा बजावलं होतं, "बाकी काही फुटलं तरी चालेल, बाटली तेवढी नीट ठेव. ती न्यायला येणार आहे उद्या." ती म्हणजे सरांची मुलगी. पिशव्या हातात असतानाच फोन वाजला होता. त्याने बनवून दिलेली कुठल्यातरी आजोबांची कवळी दुसऱ्याच दिवशी तडकली होती आणि दवाखाना त्याच्या नावाने खडे फोडत होता. त्या गडबडीत एक पिशवी फ्रीजरमध्ये गेली आणि एक शालींमागे. अदलाबदल झाली होती, एवढंच. तसं कुणाच्याही हातून झालं असतं, असं तो स्वतःला म्हणाला, आणि त्याने फ्रीजरचं दार उघडलं.

बाटली गोठली होती. नुसती गार नव्हे, चक्क गोठली होती. कागद काचेला चिकटला होता, तो त्याने नखाने सोलून काढला. निम्म्याच्या जरा वर भरलेली ती बाटली त्याने आडवी केली, मग उलटी केली, तरी आतलं काही हलेना. फिकट पिवळा बर्फ, मध्येच एखादी गडद तपकिरी शीर, आणि वरचा भाग फुगून लेबलावरच्या निळ्या रेघेच्या पार वर गेलेला. ती रेघ सरांनी स्वतः ओढली होती. मुलगी झाली त्या दिवशी सर पिऊन इस्पितळात गेले आणि नर्सने बाळ त्यांच्या हातात द्यायला साफ नकार दिला. सर तसेच घरी आले, उरलेल्या बाटलीवर दारूच्या पातळीला पेनने रेघ मारली, बाटली हॉलमधल्या काचेच्या कपाटात सगळ्यांना दिसेल अशी ठेवली आणि बायकोला म्हणाले, ही रेघेखाली गेली तर मला घराबाहेर काढ. ते मरेपर्यंत बाटली रेघेखाली गेली नाही. पोरगी अकरा वर्षांची असताना एका सकाळी पायऱ्या उतरता उतरता ते कोसळले, तेव्हाही दारू रेघेला जशीच्या तशी टेकलेली होती. ही गोष्ट त्याने इतक्या वेळा ऐकली होती की त्यात बायको कुठे श्वास घेते तेसुद्धा त्याला पाठ होतं. घरी कुणी नवीन आलं, त्याची नजर कपाटाकडे गेली, की ती सुरू व्हायची, आणि तो उठून पाणी आणायला जायचा.

गरम पाण्यात बुडवावी असं पहिल्यांदा मनात आलं, पण ते त्याने लगेच झटकलं. दात आणि कवळ्या बनवण्यात त्याचं अर्धं आयुष्य गेलं होतं. गार वस्तूला एकदम ऊब दिली की ती कशी दगा देते हे त्याच्या बोटांना ठाऊक होतं. त्याने पातेल्यात नळाचं साधं पाणी घेतलं, बाटली त्यात उभी केली, आणि स्टूल ओढून समोर बसला. बायको यायला अवकाश होता. पोहण्याच्या तलावाच्या खिडकीवर ती तिकिटं द्यायची, दुपारची पाळी संपवून यायची. मुलगी संध्याकाळच्या गाडीने, स्टेशनवरून थेट. नोकरी लागून तिने परगावी घर घेतलं होतं आणि त्या घरात तिला बाकी काही नको होतं, पलंग नको, भांडी नकोत, बाबांची बाटली तेवढी हवी होती. पातेल्यातलं पाणी बघता बघता गार पडलं. त्याने ते बदललं. तू मुद्दाम तर केलं नाहीस ना, असं त्याने स्वतःला विचारलं, आणि उत्तर द्यायचं टाळून पुन्हा पाणी बदललं.

खरं सांगायचं तर ती बाटली त्याच्या डोळ्यांत खुपायची. लग्न होऊन या घरात राहायला आला त्या पहिल्या दिवसापासून. मेलेल्या माणसाचा हेवा करू नये हे त्याला कळत होतं, पण कळून काय उपयोग, पोटात दुखायचं ते दुखायचंच. जिवंत माणूस असता तर कधीतरी चुकला असता, म्हातारा झाला असता, जेवताना त्याच्या हनुवटीवर रस्सा सांडला असता. सर कधी चुकत नव्हते. अर्ध्या शहराला त्यांनी पाण्यावर तरंगायला शिकवलं होतं. बसमध्ये, दुकानात, बँकेच्या रांगेत कुणीतरी बाई बायकोचा हात धरायची आणि म्हणायची, "सरांमुळे माझी पाण्याची भीती गेली हो," आणि मग त्याच्याकडे बघून, "हे कोण?" त्याला पोहता येत नव्हतं. तलावाच्या तिकीटखिडकीत सरांचा फोटो होता, शिट्टी गळ्यात, केस ओले, आणि बायको रोज त्या फोटोखाली बसायची. सरांबद्दल ती बोलायची तेव्हा 'ते' म्हणायची. ते असं म्हणायचे, त्यांना हे आवडायचं नाही. आणि तो समोर बसलेला असताना पाहुण्यांना सांगायची, "हा ना, सिगरेट सोडतो सोडतो म्हणतो, परवाच गच्चीवर पकडला." सगळे हसायचे, तोही हसायचा. त्याचं सगळंच असं उघड्यावर होतं. बनियनची भोकं, घोरणं, सोडलेली आणि पुन्हा धरलेली सिगरेट. सरांच्या मागे काच होती आणि काचेमागे ती एक रेघ.

त्याची तिची ओळख एका दातावरून झाली होती. तिचा समोरचा दात तुटला आणि दवाखान्याने त्याला रंग जुळवायला बोलावलं. रंगाच्या नमुन्यांची पट्टी तिच्या ओठांशी धरून तो कितीतरी वेळ उभा होता, आणि ती तोंड वासून, न लाजता, छताकडे बघत होती. एवढ्या जवळून त्याने कुठल्याच बाईकडे पाहिलं नव्हतं. तो दात त्याने तीनदा बनवला. पहिले दोन काही वाईट नव्हते, पण शेजारच्या दातावर पिवळसर अशी एक बारीक छटा होती, ती जमेना, आणि ती जमेपर्यंत त्याला चैन पडेना. तिच्या हसण्यातला तो एक दात आपला, असं तो लग्नानंतर मनाशी म्हणायचा. बाकी सगळं हसणं आधीच कुणाच्या तरी नावावर होऊन गेलेलं होतं. रिकाम्या जागेवर दुसरं बसवणं हा त्याचा धंदाच होता, आणि बसवलेलं कधी मूळचं होत नाही हे त्याच्याएवढं कुणाला माहीत असणार? लोक सांगायचे, छान बसलाय, कळतसुद्धा नाही. कळत नाही असं म्हणतात तेव्हाच ते कळलेलं असतं.

बाटलीच्या कडेने आता ओल सुटली होती. काच आणि बर्फ यांच्या मध्ये गडद द्रव उतरत होता आणि मधला गोळा फिकट, जवळजवळ पांढरा पडत चालला होता. हे बरं की वाईट, ते त्याला कळेना. व्हिस्की गोठून वितळली की खराब होते की काय, रंग असाच राहिला तर मुलगी काय म्हणेल? जीव टांगणीला लागला तसा त्याने लंबूला फोन लावला. लंबू त्याच्याच कार्यशाळेत मेणाचे साचे करायचा, आणि दारू या विषयावर कार्यशाळेत त्याचाच शब्द शेवटचा असायचा.

"सुट्टी घेऊन घरात काय करतोस रे?" लंबू म्हणाला.

"एक विचारायचं होतं. व्हिस्की गोठली तर वाया जाते का?"

"गोठली? कुठे ठेवली होतीस, उत्तर ध्रुवावर?"

"फ्रीजरमध्ये. चुकून."

"घरच्या फ्रीजरमध्ये व्हिस्की गोठत नाही बाबा. मी तर तिथेच ठेवतो. फार तर जराशी दाट होते."

"ही गोठली. दगड झाली होती."

"मग त्यात पाणी आहे. थोडंथोडकं नाही, चांगलं निम्म्याहून जास्त. कुणीतरी पिऊन वरून भर घातलीय. बाटली कुणाची?"

"आहे एकांची. ओळखीचे आहेत."

"मग त्यांना सांग, चोर घरातलाच आहे," लंबू हसला, आणि मागे कुणीतरी हाक मारली म्हणून त्याने फोन ठेवला.

तो बसल्या जागी सुन्न झाला. आणि मग, कबूल करायला लाज वाटावी अशा, मनात आनंदाच्या उकळ्या फुटायला लागल्या. सर पीत होते. धुतल्या तांदळासारखे सर, शिट्टीवाले सर, रेघ मारणारे सर, घरातले सगळे झोपले की काचेचं कपाट उघडून घोट घेत होते आणि वरून नळ सोडत होते. त्या कपाटाचं दार कुरकुरतं. ते कुरकुरू नये म्हणून ते कसे वर उचलून धरत असतील, अंधारात तोंड कसं पुसत असतील, सकाळी लवंग चघळत तलावावर कसे जात असतील, हे सगळं तो चवीने बघत राहिला. इतक्या वर्षांत सर पहिल्यांदाच त्याला माणूस वाटले, आणि माणूस वाटले म्हणून त्यांच्याबद्दल माया वाटायला हवी होती, तर तसं काही झालं नाही. उलट त्याला घाई झाली. बायको दारातून आत येईल, चप्पल काढेल, आणि आपण म्हणू, जरा इकडे ये, तुला एक गंमत दाखवतो. नाही, गंमत नको. गंभीरपणे सांगायचं. मुलीसमोर सांगायचं की नाही, यावर तो थोडा अडला. तिचा चेहरा त्याच्या डोळ्यांसमोर आला, त्याला 'काका' म्हणताना ती जरा थांबायची, दरवेळी, शब्द शोधल्यासारखी. सांगावं तिलाही. किती दिवस तिने पाण्याच्या बाटलीची पूजा करायची? पातेल्यातलं पाणी बदलायचं तो विसरूनच गेला होता.

बर्फ वितळला तेव्हा बाटलीत गढूळशी दारू होती. हलवल्यावर ती पुन्हा एकसारखी, मधाच्या रंगाची झाली. रेघेला बरोबर टेकली. हेच त्याला खटकलं. निम्म्याहून जास्त पाणी आणि रंग असा? दाताची छटा जमवताना ज्याच्या नाकी नऊ आले होते त्या माणसाला एवढं तरी कळायला हवं होतं. पाण्याने रंग फिका पडतो. त्याने बूच काढलं, वास घेतला. व्हिस्कीचा वास होता, लांबून आल्यासारखा. मग पेल्यात दोन घोट ओतून जिभेवर घेतले, आणि मागाहून जी तुरट चव आली ती ओळखायला त्याला क्षणही लागला नाही. चहा. बिनदुधाचा, बिनसाखरेचा, गाळून निवत ठेवलेला कोरा चहा. कुणीतरी पाण्यात रंग जुळवून घातला होता, आणि एकदा नाही, वर्षानुवर्षं, दरवेळी नेमका तोच रंग. सरांना गॅस पेटवायला जमायचं नाही. हे बायकोच सांगायची, कौतुकाने, "त्यांना साधा चहा करता यायचा नाही हो, पाणी कुठे संपतं आणि पातेलं कुठे सुरू होतं ते कळायचं नाही." पेला ओट्यावर ठेवताना त्याला ओट्याची कड दिसेना.

म्हणजे ती. ती उठत होती, सकाळी, सर तलावावर गेल्यावर. पोरीला शाळेत धाडल्यावर. पातेल्यात कपभर पाणी, चिमूटभर चहा, मग वाट बघणं, निवेपर्यंत. याच ओट्यापाशी उभं राहून, कदाचित याच पातेल्यात. त्याने पातेल्याकडे पाहिलं आणि हात पुसला. सरांनी चोरून पिणं त्याला गोड लागलं होतं, पण हे लागेना. तिने सरांना पकडलं नव्हतं. पाहुण्यांना सांगून हसली नव्हती. तिला कळलं होतं आणि ती गप्प बसली होती, नुसती गप्प नाही, तिने हाताने भर घातली होती, रेघेपर्यंत, त्यांचा शब्द पडू नये म्हणून. आणि सर दुसऱ्या दिवशी कपाटासमोर उभे राहून बघत असतील. काल प्यालेली दारू आज पुन्हा रेघेला टेकलेली. त्यांना कळलं नसेल? कळलंच असणार. मग पुन्हा ते पीत, पुन्हा ती भरी. एवढी वर्षं दोघं त्या बाटलीतून एकमेकांशी बोलत राहिले आणि तिसऱ्याला पत्ता नाही. बाटली खरी असती तर फक्त एका माणसाचा निर्धार त्या कपाटात होता, असं झालं असतं. ते त्याने कसंबसं सोसलं असतं. पण हे तर लग्न होतं, अख्खं, बूच लावून ठेवलेलं, आणि तो रोज त्याच्या समोर बसून जेवत होता.

बायको आली तेव्हा बाटली ओट्यावर होती, पेला शेजारी, आणि तो स्टुलावर. तिने पर्स खांद्यावरून उतरवली. नाक मुरडून म्हणाली, "मासळीचा वास कसला येतोय शालींना?" मग तिला बाटली दिसली.

"गोठली होती," तो म्हणाला. "माझ्या हातून चुकून फ्रीजरमध्ये गेली. लंबू म्हणतो, खरी व्हिस्की गोठत नाही."

पाण्याचा नळ ठिबकत होता तो तिने घट्ट केला.

"तू चहा घालायचीस," तो म्हणाला. विचारावं असं ठरवलं होतं, पण तोंडातून आरोपच निघाला.

"चाखलीस?"

"चाखली."

ती भिंतीला टेकून उभी राहिली. घाबरली असती, रडली असती, तर त्याला बरं वाटलं असतं. ती फक्त दमलेली दिसत होती, रोज दिसायची तेवढीच. "पहिल्यांदा बोटभर खाली गेली होती," ती म्हणाली. "मला वाटलं, आज सांगतील. जेवताना सांगतील, झोपताना सांगतील. रात्रभर त्यांचा डोळा लागला नाही. सकाळी न खाता निघून गेले. मग मी भरली."

"का?"

"नाहीतर मला त्यांना बाहेर काढावं लागलं असतं. शब्द दिला होता ना त्यांनी. पोरगी तेव्हा तीन वर्षांची होती."

"त्यांना कळलं होतं?"

"बाटली आपोआप भरते का रे?"

"कधी बोललात यावर?"

"नाही. एकदासुद्धा नाही." आणि हे म्हणताना तिच्या आवाजात जे आलं, ते त्याने तिच्या तोंडून स्वतःसाठी कधी ऐकलं नव्हतं. ते दुःख नव्हतं. अभिमान म्हणावा तर तसाही नव्हता. कुणाला दाखवायचा नाही असा दागिना अंगावर असलेल्या बाईचा तो आवाज होता. जे विचारायचं नाही असं ठरवलं होतं तेच त्याने विचारलं.

"माझ्यासाठी भरली असतीस?"

तिने लगेच उत्तर दिलं असतं तर तो ते सौजन्य समजून सोडून देऊ शकला असता. पण ती खरोखर विचार करत होती. तिच्या कपाळावर आठी आली, हिशोब चुकला की यायची तशी. "नाही," ती म्हणाली. "तुझ्याशी मी भांडले असते. तुला बाटलीसकट गॅलरीत उभं केलं असतं." ती जराशी हसली, त्याचा दात दिसला. "तुझ्याशी मला खोटं वागावंच लागत नाही. हे कमी आहे का?"

कमी नव्हतं. कुठल्याही शहाण्या माणसाला ते जास्तच वाटलं असतं, आणि त्यालाही कळत होतं की ती जे देते आहे ते मनापासून देते आहे. पण त्याला ते नको होतं. त्याला ते दुसरं हवं होतं, खोटं, कोऱ्या चहाचं. आपल्याकडेही असं काही असायला हवं होतं की जे तिने जगापासून लपवलं असतं, आपल्यापासूनसुद्धा लपवलं असतं, आणि आपल्याला कळूनही आपण तोंड मिटून बसलो असतो. तो एवढा सरळ कसा निघाला, की त्याच्यात झाकण्यासारखं तिला काही सापडू नये? गच्चीवरच्या सिगरेटी, आणि काय?

"पोरीला सांगणार आहेस?" तिने विचारलं.

त्याने तिच्याकडे पाहिलं. एवढ्या वर्षांत ती पहिल्यांदाच त्याच्याकडे काहीतरी मागत होती, आणि मागते आहे हे लपवण्यासाठी पदराचं टोक बोटांना गुंडाळत होती. तो गप्प बसला. गप्प बसायला त्याला गोड वाटलं, आणि त्या गोडीची त्याला किळसही आली. ती ओट्याशी वळली, बाटली उचलून डोळ्यांसमोर धरली. त्याने दोन घोट काढले होते तेवढी दारू रेघेखाली गेली होती. तिने पातेल्यातलं पाणी ओतून दिलं, कपभर ताजं घेतलं, गॅस पेटवला. दोघं पाण्याकडे बघत उभे राहिले. चहाची चिमूट टाकताना तिचे हात जराही अडखळले नाहीत. निवायला वेळ लागेल म्हणून तिने पातेलं गार पाण्याच्या थाळीत ठेवलं, आणि दारावरची घंटा वाजली तेव्हा ती थबकली, हातात गाळणी, आणि त्याच्याकडे बघत राहिली. मग तो पुढे झाला. दार उघडायला तिला पाठवलं. त्याने चहा गाळला, रंग डोळ्यांनी तोलला, चमचाभर पाणी घालून हलका केला, आणि बाटलीत थेंब थेंब सोडत गेला. छटा जमवणं त्याच्या हातचं काम होतं. बूच लावलं, काच पुसली. लेबल ओलं होतं, पण रेघ फुटली नव्हती.

मुलगी प्रवासाने चुरगळलेली आत आली, आईच्या गळ्यात पडली, आणि पिशव्या खाली न ठेवताच ओट्यापाशी आली. बाटली तिने दोन्ही हातांत घेतली आणि खिडकीच्या उजेडात धरली. तिची हनुवटी सरांसारखी होती, फोटोतल्यासारखी, जराशी वर.

"काका," ती म्हणाली, आणि या वेळी शब्दाआधी थांबली नाही, "बघा ना, अजून रेघेलाच आहे."

त्याने बाटलीकडे पाहिलं. सांगायला एक वाक्य पुरलं असतं. तो ते वाक्य जिभेवर घेऊन उभा होता, तुरट.

"असणारच," तो म्हणाला. "तुझे बाबा शब्दाचे पक्के होते."

मुलगी बाटली छातीशी धरून बाहेर गेली, गुंडाळायला काही शोधायला. तेव्हा मागून त्याच्या पाठीवर हात आला. बायकोने असा हात कधी ठेवला नव्हता, सबंध तळवा, खांद्यांच्या मधोमध, आणि तो तिथेच राहिला. तो हात सरांसाठी होता हे त्याला कळत होतं. हात उचलला जाऊ नये म्हणून तो श्वाससुद्धा बेताने घेत उभा राहिला.